मोठ्या जावयांचे मोठे ब्रेक

साडूच्या गाडीचे ब्रेक फार चांगले लागतात, ही बातमी मला माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडून आणि मी सुखाने चहा पीत असताना कळली.

"अहो, भाऊजींनी गाडीला नवे ब्रेक बसवलेत. एवढे मोठे!" असं म्हणून तिने दोन्ही हातांनी जो आकार दाखवला, त्या आकाराचे ब्रेक आगगाडीलाच शोभले असते. "आज बाबांना घेऊन आले ना ते. बाबा म्हणाले, गाडी जागच्या जागी थांबते!"

पहिलं वाक्य मी गिळलं. दुसरं ऐकून मला ठसका लागला. साडूने गाडीला पंख बसवले असते, तरी मी हसतमुखाने 'वा वा' म्हटलं असतं. पण बाबा, म्हणजे आमचे सासरे, कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत. छत्तीस वर्षं त्यांनी डोंगरावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याविषयी निघालेला सर्वात गोड शब्द 'ठीक' हा होता, आणि तोही मी आजारातून उठलो तेव्हा 'प्रकृती आता ठीक दिसते' या वाक्यात आला होता.

त्यातून वेळही नेमकी आडवी आली होती. त्या डोंगरावरच्या शाळेत महिन्याअखेर नवी प्रयोगशाळा उघडायची होती आणि उद्घाटनाला बाबांना बोलावलं होतं. वर जायचं म्हणजे अकरा वळणं चढायची आणि येताना तीच अकरा उतरायची. बाबांनी दोन्ही जावयांना फोन करून सांगितलं होतं, "ज्याचे ब्रेक भरवशाचे, त्याच्या गाडीत मी बसेन." फोन ठेवताना मला वाटलं होतं की हे नुसतं बोलणं आहे. साडूला ती निविदा वाटली आणि त्यांनी ती भरलीसुद्धा.

मला हेवा वाटला. उगाच आडपडदा कशाला ठेवू? कोणी म्हणतं मत्सराने अंगाची आग होते, पण माझ्या बाबतीत तो पोटातच दुखायला लागतो, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. बायकोला हे ठाऊक आहे. तिने ओव्याची डबी पुढे ठेवली आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट आमच्या इमारतीच्या जिन्यात पोचली. समोरच्या घरातले विमा एजंट म्हणाले, "साडूपेक्षा मोठे ब्रेक घाला. विषय संपला." वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "आधी त्यांच्या ब्रेकचं माप आणा. माप हातात नसताना कात्री चालवू नये." शिवाय त्यांनी आपली टेप मला दिली आणि बजावलं, "मापापेक्षा दोन बोटं माया ठेवा. पुढे उसवायची वेळ आली तर बरं पडतं." या दोघांपैकी एकाकडेही गाडी नाही, ही गोष्ट त्या वेळी मला महत्त्वाची वाटली नाही.

रविवारी आम्ही साडूकडे जेवायला गेलो. साडू नुकतेच बाबांना गाडीतून फिरवून आणून हात धुवत होते. "चष्मा गाडीत राहिला," असं म्हणून मी खाली आलो. चष्मा माझ्या नाकावर होता, पण सुदैवाने तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. साडूची गाडी अंगणात उभी होती आणि चाकांच्या आऱ्यांमधून तो लालभडक रंगवलेला, पॅडना कवेत घेणारा कॅलिपर मला वाकुल्या दाखवत होता. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात. नुसतं वाकून दिसेना, म्हणून मी आडवा झालो, आऱ्यांतून हात घातला आणि टेप पॅडच्या कडेला लावून आकडा वाचला.

तापलेला तवा ओळखायला माणूस लहानपणी शिकतो. ब्रेकची तापलेली डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, काळी पडत नाही, धूर सोडत नाही, चुपचाप चकचकत असते. टेप काढताना माझी दोन बोटं तिला टेकली आणि मी जी आरोळी ठोकली, ती ऐकून अख्खं घर गॅलरीत आलं. हात झटक्यात काढायला गेलो तर मनगटावरचं घड्याळ आऱ्यात अडकलं. मी तसाच आडवा, साडूच्या गाडीच्या चाकाशी हस्तांदोलन केल्यासारखा.

"काय हरवलं का?" साडूंनी वरून विचारलं. आवाजात इतकी काळजी होती की मला ते सगळं समजून चुकलेत याची खात्री पटली.

बाबा मात्र जिना उतरून खाली आले, शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, किती भरलं?"

"साडेपाच," मी म्हणालो.

"साडेपाच काय? आंबे?"

"इंच, बाबा."

"एकक सांगायची सवय ठेवा," असं म्हणून त्यांनी माझं घड्याळ सोडवलं. जेवताना मला डाव्या हाताने चमचा धरावा लागला. साडू मला आग्रहाने वाढत होते आणि मला साधं 'नको' म्हणायलाही हात मोकळा नव्हता.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी गॅरेजमध्ये गेलो. आमचा मेकॅनिक दुःखी चेहऱ्याचा माणूस आहे. तो गाडीचं बॉनेट उघडून आत पाहतो तेव्हा मलाच लाज वाटते. मी सांगितलं, "पॅड मोठी बसवायची. साडेपाच इंच, अधिक दोन बोटं माया."

"साहेब, मोठ्या पॅडने गाडी लवकर थांबत नाही."

"मग साडूंची कशी थांबते?"

"तुमचीही थांबतेच की." त्याने मला कामाच्या टेबलाशी नेलं. "तळहात ठेवा, दाबा आणि पुढे ढकला. अडतो ना? आता तेवढ्याच जोराने एकच बोट दाबून ढकला."

मी न भाजलेलं बोट वापरलं. तेही तितकंच अडलं.

"दाब तोच, तर अडणंही तेवढंच. फरक इतकाच की बोट लवकर पोळतं आणि लवकर झिजतं. पॅड मोठं असलं की उष्णता पसरते, पॅड जास्त दिवस टिकतं. लांबच्या उतारावर फायदा आहे. पण तुमच्या एवढ्याशा गाडीला आहेत ती पॅड पुष्कळ झाली. फक्त उतारावर गाडी गियरमध्ये ठेवा, सारखा पाय देऊ नका."

हे सगळं इतकं स्पष्ट होतं की मला ते पटलं. पण पटलेलं आणि पचलेलं यात अंतर असतं. माझ्या डोळ्यांपुढे लाल कॅलिपर नाचत होता. मी म्हणालो, "तरीही मोठीच बसवा."

आणि मग आमच्या गाडीचे ग्रह फिरले. मोठं पॅड जुन्या कॅलिपरमध्ये बसेना. म्हणून एका मोडीत काढलेल्या मोठ्या गाडीचा कॅलिपर आणला. त्याला आमची डिस्क पुरेना, म्हणून डिस्क मोठी आणली. डिस्क मोठी झाली तर चाक तिच्यावर चढेना, म्हणून पुढची दोन चाकं मोठी आली. त्यांना टायर मोठे आले. एका पॅडपायी मी हळूहळू दुसरीच गाडी विकत घेत होतो, आणि तीही फक्त पुढची अर्धी. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली, म्हणजे पंक्चर व्हायचंच असेल तर ते मागच्या चाकाला व्हावं अशी प्रार्थना करणं आलं.

गाडी घरी आणली तेव्हा तिचं नाक वर होतं. विमा एजंट म्हणाले, "कुणावर रुसलीय?" त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं की टायर मडगार्डला घासून किंचाळायचा. डावीकडे काही तक्रार नव्हती. त्यामुळे चार दिवस मी ऑफिसला सगळी वळणं डावीकडची असलेल्या रस्त्याने गेलो. पंधरा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लागायची. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मी खरं सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी फार मायेने बोलतात.

तरी मी आनंदात होतो. कॅलिपरला मी स्वतः लाल रंग दिला होता, साडूपेक्षा एक हात जास्त.

त्याच आठवड्यात गाडीच्या योग्यतेच्या दाखल्याची मुदत संपत होती. वाहन कार्यालयातल्या खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिले, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिले. "नोंदीत टायरचं माप वेगळं आहे."

"ब्रेक सुधारलेत," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"ब्रेक बिघडल्याचा अर्ज आमच्याकडे आहे. ब्रेक सुधारल्याचा नाही. बिघडल्याचा भरता का?"

मी बाणेदारपणे नकार दिला. कारकून या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत होता आणि तिथला या खिडकीवर. शेवटी तपासनीस स्वतः बाहेर आले. मोजक्या शब्दांचा माणूस. ते गाडीत बसले, मला शेजारी बसवलं, मागच्या मैदानात वेग घेतला आणि चुन्याच्या रेषेवर ब्रेक दाबला.

पुढची चाकं तत्काळ थांबली. गाडी थांबली नाही. ती थांबलेल्या चाकांवर बसून मुकाट्याने घसरत गेली, मागचा भाग उचलला गेला आणि माझं कपाळ समोरच्या काचेला भेटून आलं. तपासनीस उतरले. त्यांनी रेषेपासून पावलं मोजली. "चौदा. या गाडीला अकरा लागतात."

"पण ब्रेक मोठे आहेत!"

"रस्त्याला धरतो तो टायर. टायरची पकड सुटली की ब्रेक कितीही मोठा असो, तो फक्त चाकाला धरतो. गाडीला कोण धरणार?" त्यांनी कागदावर लाल शेरा मारला. "पूर्ववत करून आणा."

पूर्ववत हा शब्द मला इतका कधीच लागला नव्हता. गॅरेजमध्ये मेकॅनिकने मोठं सगळं काढलं आणि जुनं सगळं चढवलं. फक्त पॅड जुन्याच मापाची, पण नवी कोरी घातली. "यांना बसायला वेळ द्या," तो म्हणाला. "पहिले काही दिवस सपाटीवर हळू चालवा. लगेच तापवू नका." दाखला मिळाला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

बाबांनी विज्ञानाला धरून निर्णय दिला होता. "जाताना थोरल्यांची गाडी, येताना धाकट्यांची. दोघांनाही संधी." ब्रेकची खरी परीक्षा उतारावर असते. म्हणजे मोठी संधी माझी होती! साडूंच्या तोंडावर हसू होतं, पण ते ओठांच्या वर चढत नव्हतं. मला त्या दिवशी सकाळी पोटात मुळीच दुखलं नाही.

वर सोहळा झाला. बाबांनी फीत कापली, मुलांना उष्णतेवर दोन वाक्यं सांगतो म्हणून पाऊण तास सांगितलं. शाळेने त्यांना त्यांच्याच जुन्या वह्या आणि पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची भली मोठी ट्रंक भेट दिली. ती चौघांनी उचलून साडूंच्या गाडीत ठेवली. मागे ताई, म्हणजे माझी मेहुणी, ट्रंकेला धरून बसली.

बाबा माझ्या शेजारी बसले, बायको मागे. मी पुढे निघालो, साडू मागून. पहिलं वळण आलं. मला मेकॅनिकचं सगळं बोलणं आठवत होतं. गाडी खालच्या गियरमध्ये टाकायची, पाय ब्रेकवर ठेवायचा नाही. मी गियर टाकला. आमचं इंजिन घरघरलं. आणि मागून साडूंची गाडी आवाजही न करता, रेशमासारखी उतरत होती. बाबांनी मान वळवून तिकडे पाहिलं.

बस्स. त्या एका नजरेने माझं डोकं फिरलं. मी गियर पुन्हा वरचा टाकला, इंजिन गप्प केलं आणि पाय ब्रेकवर ठेवला. आता आमचीही गाडी चुपचाप उतरू लागली. "बघा बाबा, धक्का नाही," मी म्हणालो. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणालो. आरशात साडू आणखी मऊ उतरताना दिसले की मी त्याहून मऊ उतरायचो. सहाव्या वळणापर्यंत मी पाय उचललाच नव्हता.

सातव्याला बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

"मागची गाडी असेल," मी म्हणालो. आणि ब्रेकचं पेडल ओल्या उशीसारखं आत गेलं. वाकुल्या, लाल रंग, साडू, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. शेजारी एक म्हातारा माणूस बसला होता आणि समोर वळण होतं, एवढंच उरलं. मी खालचा गियर टाकला, हाताचा ब्रेक थोडा थोडा ओढत गेलो आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, बसथांब्याच्या खांबापासून हातभर अंतरावर, गाडी उभी केली. दोन्ही पुढच्या चाकांतून धूर येत होता.

मिनिटभरात साडूंची गाडीही आली. मी म्हटलं तसं झालं होतं. तिच्याही चाकांतून धूर निघत होता, फक्त जास्त रुंद. साडू उतरले. चेहरा पांढराफटक. ताई ट्रंक सोडून उतरली आणि नवऱ्याकडे पाठ करून बहिणीशेजारी जाऊन उभी राहिली.

बाबा मात्र खुशीत होते. ते एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे गेले, वास घेतला, दुरूनच तळहाताने आच पाहिली. "छान! लहान पॅड आधी तापलं, मोठं मिनिटभराने. ट्रंकेचं वजन धरलं तर उत्तर बरोबर आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पॅड लहान-मोठं आहे. तापवणारा पाय मात्र दोघांचाही सारखाच."

मी म्हणालो, "बाबा, अर्ध्या तासात गार होतील. मग खालच्या गियरमध्ये..."

"अर्ध्या तासाने पुन्हा तुम्ही दोघंच चालवणार ना?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात वरून एक जुनाट बस मोठ्याने गुरगुरत, गोगलगायीच्या वेगाने उतरत आली आणि थांब्यावर उभी राहिली. बाबांनी हात केला. पायरीवर पाय ठेवता ठेवता त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठल्या गियरमध्ये उतरता हो?"

"ज्यात चढतो त्यातच की, काका," तो म्हणाला.

"शाबास!" बाबा म्हणाले. मोठ्याने. टाळी वाजवून. आणि त्याच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले.

बायको आणि ताईही चढल्या. खिडकीतून बायको म्हणाली, "तुम्ही या सावकाश. ट्रंक विसरू नका." बस गेली.

आम्ही दोघं साडू बसथांब्यापाशी शेजारी शेजारी बसलो. धूर कमी होत होता. साडू म्हणाले, "एक विचारू? तुम्ही गाडी थांबवता कशी हो?"

"मी?"

"बाबा दर वेळी सांगतात. धाकटे जावई गाडी अशी थांबवतात की लागलेला डोळा उघडत नाही. चार वर्षं ऐकतोय. शेवटी म्हटलं, घालूच मोठे ब्रेक."

चार वर्षं बाबा माझं कौतुक करत होते आणि ते नेमकं ज्याला सांगायला नको त्यालाच सांगत होते! मला इतका आनंद झाला की मी साडूंच्या पाठीवर थाप मारली. ते बिचारे कसनुसे हसले. "आता काय उपयोग," ते म्हणाले. "आता दोघांचंही कौतुक करणार नाहीत."

खाली डोंगराच्या पोटात ती बस एकेक वळण घेत होती. पुढच्या काचेतून बाबांचं पांढरं डोकं दिसत होतं, ड्रायव्हरकडे वळलेलं. ते हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि तो माणूस मान डोलवत होता. मला डाव्या बरगडीखाली पुन्हा बारीक कळ आली. मी साडूंकडे पाहिलं. त्यांचाही हात पोटावर होता.

"एवढं काय विशेष चालवतो हो तो?" साडू म्हणाले.

"काही नाही. घरघर ऐकलीत ना त्या बसची?"

"आणि टायर बघितलेत?"

"अगदी गुळगुळीत," मी म्हणालो. अठरा वर्षांत आम्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.